कोमाद्रेचं मत

रेतामा, टेक्सस
९ फेब्रुवारी २०१४

चि. लेआंद्रो यास अ. उ. आ.

तब्येत विचारत नाही, कारण तू खरी सांगत नाहीस. फोनही करू नकोस. माझा एक कान गेलाय आणि दुसऱ्यात तुझी नातवंडं किंचाळतात. पत्र लिही. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात वाचून होतं.

घर आता कुठं वाळलंय. ऑक्टोबरात पाणी पलंगाच्या फळीपर्यंत आलं होतं ते तुला कळवलं होतं. हे नव्हतं कळवलं की संडासाची टाकी उलटली आणि ते सगळं स्वयंपाकघरात आलं. चार महिने घासतेय, अजून वास जात नाही. वस्तीतल्या चेलोकडं माझ्यापेक्षा जास्तच होतं. साखरेनं तिची नजर गेलीय. पाणी पायाला लागलं तेव्हा तिला कळलं. दुपारी मी पोचेपर्यंत बिचारी टेबलावर चढून बसली होती. पोन्सियानो गावात उंचावर राहतो, आईला चल म्हणतो, ही जात नाही. आपल्या बापानं इथं जागा घेतली तेव्हापासनं या वस्तीला चर नाही. पाणी येतं, बसतं, त्याला वाटेल तेव्हा उठून जातं. तू सप्टेंबरात निवृत्त होऊन बापाच्या जागेवर घर बांधणार म्हणतोस. बांध. पण मग होडीच बांध.

तर बातमी अशी. निचरा मंडळाची एक जागा मोकळी झालीय. निवडणूक १० मेला. आपल्या चेलोचा पोन्सियानो उभा राहिलाय. गेल्या रविवारी मी बार्बाकोआचं मटण घेऊन अंगणात बसले होते, आठदहा जण होते. हा आला, टोपी काढली, सगळ्यांसमोर गुडघे टेकले आणि आशीर्वाद मागितला. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातावर धरलं होतं. त्याची धर्मआई मी, नाही कशी म्हणणार. कपाळावर क्रूस काढला. मग म्हणाला, धर्मआई, तुमची व्हॅन लागेल. मी म्हटलं, तुझीच आहे. सगळ्यांनी ऐकलं. शब्द दिला.

व्हॅनचं तुला ठाऊक आहे. तीस वर्षं दर निवडणुकीला वस्तीतल्या म्हाताऱ्यांना मी मतदानाला नेते आणि परत आणते, येताना प्रत्येकाच्या हातात एक टाको. कधीकाळी दोन खेपा व्हायच्या, आता चौदाच उरलेत. उमेदवाराकडून पेट्रोलसुद्धा घेत नाही. आणि मी सांगते तिथं ते खूण करतात. हे शेरीफला ठाऊक आहे, न्यायाधीशाला ठाऊक आहे. नाहीतर नाताळात ते सगळे माझ्या दारात तमालेस खायला कशाला आले असते.

पोन्सियानोच्या फलकावर मोठ्या अक्षरांत आहे, आपलाच माणूस. समोर म्हातारा क्राउजे, संत्र्याच्या बागांवाला, गोरा. सोपं काम आहे.

तुझ्या ओडिलियाला आशीर्वाद, नातवंडांना एकेक चापट. लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, कमी करू नकोस.

फ्रोसिना


कॉर्बेट्सव्हिल, पेनसिल्व्हेनिया
२३ फेब्रुवारी २०१४

ती. फ्रोसीताईस लेआंद्रोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा गुडघाभर बर्फ होता. मी कामावरच्या शेडमधून आलो होतो, हाताला आळंब्यांचा वास तसाच. एकतीस वर्षं हाच वास. ओडिलिया म्हणते, ताईच्या स्वयंपाकघराला एक वास आणि तुला दुसरा, तुम्ही बहीणभाऊ एकत्र राहिलात तर मी कुठं जाऊ.

संडासाच्या टाकीचं आधी का नाही कळवलंस? मी काय परका आहे?

पोन्सियानोचं वाचून बरं वाटलं. तुला कळणार नाही किती बरं वाटलं ते. इथल्या नगरपालिकेत सात माणसं बसतात आणि सातांत एक नाव आपल्या जिभेवर बसेल असं नाही. मागच्या महिन्यात त्यांची माणसं आमच्या गल्लीत दारं वाजवत आली, एका खोलीत किती जण झोपतात ते मोजायला. पलीकडच्या गल्लीत गेली नाहीत. आम्ही सभेला गेलो. सगळ्यांचं झाल्यावर आमचा नंबर आला, तेव्हा अध्यक्ष कोट घालत होते.

तू हसशील, पण इथं आता आम्ही स्वतःला लातिनो म्हणतो. आधी कुणी म्हणत नव्हतं. विल्फ्रेदो पोर्तो रिकोचा, तो म्हणायचा मेक्सिकन लोकांना भात शिजवता येत नाही. न्हावी दोमिनिकन, तो दोघांनाही माणसात धरत नव्हता. मी तरी कुठं त्यांना धरत होतो. पण दार वाजवणाऱ्यानं आम्हाला विचारलं नाही कोण कुठला. त्याच्या लेखी एकच. मग आम्हीही म्हटलं, ठीक, एक तर एक. आता न्हाव्याच्या दुकानात आमच्या बैठका होतात. नोव्हेंबरात आमच्यातला कुणीही उभा राहिला, अगदी विल्फ्रेदोसुद्धा, तरी मी डोळे मिटून मत देणार आहे.

म्हणून ताई, तू नशीबवान आहेस. तुझ्याकडं आपला माणूस उभा आहे, आणि तोही चेलोताईचा. त्याला निवडून आण, तो चर खणून देईल, आणि सप्टेंबरात मी आलो की कोरड्या जमिनीवर पाय ठेवीन.

चेलोताईला माझा नमस्कार. तुझा राग आणि प्रेम दोन्ही असंच राहू दे, मला एकावाचून दुसरं ओळखता येत नाही.

तुझा
लेआंद्रो


रेतामा
१६ मार्च २०१४

चि. लेआंद्रोस आ.

आठ दिवस झाले, धड बसवत नाही. उभी राहिले की बसावंसं वाटतं, बसले की अंगण झाडावंसं वाटतं. कोंबड्यासुद्धा माझ्यापासून लांब राहतात.

चर कधी होणार ते विचारायला मी निचरा मंडळाच्या कचेरीत गेले होते. पोन्सियानोचं भलं व्हावं म्हणून. म्हाताऱ्यांना व्हॅनमध्ये सांगायला काहीतरी हवं ना. तिथली पोरगी म्हणाली, आजी, नकाशा भिंतीवर आहे, बघा. बघितला. अक्षर मला जड जातं, नकाशा नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेय, मला पाण्याचा उतार कळतो.

आपल्या पश्चिमेला कापसाचं जुनं शेत आहे ना, तिथं दोनशे घरं होणार आहेत. सगळं शेत कमरेएवढ्या भरावानं उचलणार. त्याचं पाणी कुठं जाणार, तर बाण काढलाय. बाण आपल्या वस्तीत येऊन थांबतो. पुढं बाणच नाही. आपला चर सहा वर्षांनी, तुटक रेघेत दाखवलाय. मी पोरीला विचारलं, भरावाची माती कोण टाकतंय. ती म्हणाली, पोन्सियानो साहेबांचे ट्रक, आजी, तुम्हाला माहीत नाही?

मला माहीत नाही.

तशीच त्याच्याकडं गेले. त्यानं नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहिते. म्हणाला, धर्मआई, ट्रक माझे नसते तर दुसऱ्याचे असते. एकदा मला आत जाऊ द्या, मग आपल्या लोकांसाठी आतून करता येईल. मी म्हटलं, मंडळात बसून तू स्वतःच्याच ट्रकांना थांब म्हणशील? तो म्हणाला, तुम्ही क्राउजेला मत देणार का मग, गोऱ्याला? आणि हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मत खिशात असल्यासारखा हसला.

आता तुझं ते लातिनो. तुझ्या गावात ते बरं असेल. इथं मला सांग, आपला कोण नाही? शेरीफ आपला. न्यायाधीश आपला. वीज तोडायला येतो तो सालदीव्हार, आपलाच. दर आठवड्याला हमरस्त्यावर माझी व्हॅन अडवून मी याच देशात जन्मले का ते विचारतो तो सीमा पोलीस झुन्यिगा, तोही आपला, आणि विचारतो बाबा सभ्यपणे, बाई म्हणून. शाळेत स्पॅनिश बोललो म्हणून आपल्या दोघांच्या हातावर पट्टी मारणाऱ्या बाई आठवतात? लोंगोरिया बाई. त्या काय क्राउजेसारख्या जर्मन होत्या? तिथं तुम्ही मूठभर, म्हणून आपला म्हटलं की काहीतरी कळतं. इथं आपला म्हटलं की फक्त एवढंच कळतं की माणूस आहे.

क्राउजे मला आवडतो असं समजू नकोस. त्याच्या बापाच्या बागेत आपण कालव्याचं पाणी प्यायलोय, आणि त्यांच्या घरात नळ होता. ते मी विसरले नाही. पण चार वर्षांमागं पूर आला तेव्हा या म्हाताऱ्यानं स्वतःचं फाटक उघडून पाणी बागेत घेतलं. त्याची झाडं उभीच्या उभी कुजली. मी विचारलं का केलंस, तर आपल्यापेक्षा चांगल्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, बाई, पाणी कुठंतरी जायलाच हवं होतं. बस. फलक नाही, काही नाही.

आणि तरी मी शब्द दिलाय. आणि तरी ती चेलो आहे. सदुसष्टच्या वादळात कापूस गिरणीच्या छपरावर दोन दिवस मी तिला कवेत धरून बसले होते, तिच्या पोटात हाच पोन्सियानो होता. त्याच्या बाप्तिस्म्यापासून ती माझी कोमाद्रे, एका पोराच्या आम्ही दोन आया. नवऱ्यानंतर मला तेवढं एकच माणूस आहे जे न विचारता दारात येतं. तिला काय सांगू, तुझ्या पोराला पाडायला चाललेय म्हणून?

उत्तर लवकर पाठव. शहाणपणा थोडा पाठव.

फ्रोसिना


कॉर्बेट्सव्हिल
२ एप्रिल २०१४

ती. ताईस सा. न.

शहाणपणा थोडा पाठव म्हणालीस, म्हणून थोडक्यात लिहितो. रागावू नकोस.

तुझ्याकडं आपली माणसं पोत्यानं आहेत म्हणून तू निवडत बसलीस. आम्हाला एक मिळेना. पोन्सियानो संत आहे असं मी म्हणत नाही. पण गोऱ्यांचे सगळे उमेदवार काय संत असतात? त्यांच्यातला एक लबाड निघाला तर ते म्हणतात, हा लबाड. आपल्यातला एक निघाला की म्हणतात, हे असलेच. आणि आपणच आपला पाडला तर म्हणतील, बघा, त्यांनासुद्धा नको.

खरं सांगायचं तर इथंही सगळं गोड नाही. परवा न्हाव्याच्या दुकानात भांडण झालं. विल्फ्रेदो म्हणाला, जो कागदपत्रं नसलेल्यांबद्दल बोलेल त्याला मत. न्हावी म्हणाला, मी रांगेत उभा राहून आलो, मी का त्यांच्यासाठी बोलू, मला दुकानाचा कर कमी हवा. कोलंबियाच्या एका बाईनं गर्भपाताचा विषय काढला, त्यावर अर्धी माणसं उठून गेली. शेवटी मी आणि न्हावी उरलो, आणि माझे अर्धेच केस कापलेले. आमच्या धाकट्यानं मला नंतर सांगितलं की त्यानं मागच्या वेळी मत दिलं ते माझ्या विरुद्ध पक्षाला. आमच्याच टेबलावर जेवतो तो, ताई. मला पत्ता नाही.

तेव्हा मी काय सांगणार. चराचं मला कळतं, माझीच जमीन आहे ती. पण चर सहा वर्षांनी तरी होईल, चेलोताई परत होणार नाही. तुला सख्खी बहीण नाही. तिच्या पोराविरुद्ध गेलीस आणि तिनं दार लावलं, तर तू कुणाकडं जाशील? माझ्याकडं येणार नाहीस, तुला बर्फ चालत नाही.

शब्द दिलायस तो पाळ. एवढं माझं मत. तुझी माया धाकट्यावर आहे तशीच असावी, तो मूर्ख असला तरी.

लेआंद्रो


रेतामा
२१ एप्रिल २०१४

ती. धर्मआईस पोन्सियानोचा आदरपूर्वक नमस्कार.

ईस्टरला तुम्ही घरी आला नाहीत, आईनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, तब्येत असेल.

व्हॅन ५ मेला, सोमवारी, लवकरच्या मतदानाला काढायची असं ठरलं होतं. त्या दिवशी मी स्वतः मतदान केंद्राबाहेर उभा राहीन, म्हाताऱ्यांना भेटेन. टाको या वेळी माझ्याकडून.

दुसरं असं की आईची टपालानं मत द्यायची पत्रिका आलीय. तिला दिसत नाही, म्हणून मी भरून देणार होतो, मुलाला कायद्यानं चालतं. पण ती ऐकत नाही. फ्रोसिनालाच पाठव म्हणते. तेव्हा शुक्रवारी सकाळी जमवा. दहा मिनिटांचं काम आहे.

धर्मआई, नकाशावरून आपलं बोलणं झालं ते मी मनात ठेवलेलं नाही. तुम्हीही ठेवू नका. लोक काय म्हणतील त्यापेक्षा आई काय म्हणेल याचा विचार करा. ती तुमच्याशिवाय जेवत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमचा हात डोक्यावर राहावा.

तुमचा मुलगा
पोन्सियानो


रेतामा
२७ एप्रिल २०१४

चि. लेआंद्रोस आ.

पोन्सियानोची चिठ्ठी सोबत पाठवतेय, म्हणजे माझ्यावर काय दडपण होतं ते कळेल. छापील कागदावर लिहिलीय, वर स्वतःचा फोटो.

शुक्रवारी गेले. रात्रीच ठरवलं होतं, आधी चेलोला तोंडावर सांगायचं. तुझ्या पोराला माझं मत नाही, हे असं आहे, तो असा नकाशा आहे, आता दार लाव नाहीतर कॉफी कर. वाटेत चार वेळा मागं फिरले. एकदा तर आपल्याच फाटकापर्यंत आले आणि कोंबड्यांना दाणे टाकून परत गेले.

ती दारातच बसली होती. पावलावरून ओळखलं. पत्रिका टेबलावर होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, आधी ते मदतनिसाचं वाच, नंतर बोल.

पाकिटावर छापलेलं असतं, जो मदत करतो त्यानं शपथ घ्यायची आणि सही करायची. तीस वर्षांत कितीजणांसाठी सही केली असेल, वाचलं कधी नाही. आता वाचलं, अडखळत, मोठ्यानं. मी शब्दानं, खुणेनं किंवा हावभावानं मतदाराला काही सुचवणार नाही. फक्त वाचून दाखवीन आणि मतदार सांगेल तिथं खूण करीन. आणि कुणाला मत दिलं ते कधीही कुणाला सांगता येत नाही, ते कायद्यातच आहे.

म्हंजे झालं. मी जे सांगायला गेले होते ते सांगायचीच चोरी. नकाशा म्हटलं असतं तर सुचवणं झालं असतं. ट्रक म्हटलं असतं तरी सुचवणं. माझ्या तोंडात ते सगळं तसंच राहिलं, गरम घास तोंडात धरावा तसं. मी चेलोला म्हटलं, आधी कॉफी पिऊ. ती म्हणाली, आधी सही कर.

केली.

मग तिनं नावं वाचायला सांगितली. वाचली. परत वाचायला सांगितली. परत वाचली, दोन्ही एकाच आवाजात, घसा खाकरलासुद्धा नाही. ती बराच वेळ टेबलावरून हात फिरवत बसली. तेच टेबल, ज्यावर ऑक्टोबरात चढून बसली होती. मग तिनं एक नाव घेतलं.

मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, "डोळे गेलेत, फ्रोसिना. कान नाही गेले. माझ्या ओट्यावर बसून तो फोनवर बोलतो."

मी खूण केली. पाकीट चिकटवलं. कुणाला केली ते तुला सांगणार नाही. मी सही केलीय. तू माझा भाऊ आहेस, पण कागदावर भाऊ सोडून असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग कॉफी प्यायलो. तिनं सुनेच्या पाय दुखण्याचं सांगितलं, मी कोंबड्यांचं. निघताना ती म्हणाली, उद्या येतेस ना. मी म्हटलं, येते. घरी चालत आले आणि दुपारी दोनला झोपले ते पाचला उठले. महिन्याभरात पहिल्यांदा.

शब्दाचं काय ते आता माझं मी बघते. व्हॅन त्याला दिली होती, व्हॅन ५ मेला निघेल. व्हॅनमध्ये काय बोलायचं हे मात्र मी कुणाला विकलेलं नाही.

तुझ्या डोक्याचे उरलेले अर्धे केस कापून घे. माझी आठवण असू दे.

फ्रोसिना


रेतामा
१६ मे २०१४

चि. लेआंद्रो यास अ. आ.

सगळं एकदमच लिहिते. मधे मधे थांबून विचार करायची मला सवय नाही.

५ तारखेला, सोमवारी, व्हॅन काढली. चौदाच्या चौदा आले. वस्तीच्या वेशीवर मी गाडी थांबवली, मागं वळले आणि म्हटलं, तीस वर्षं मी तुम्हाला नाव सांगत आले, आज नाव सांगत नाही, जे बघितलं ते सांगते. नकाशा सांगितला, बाण सांगितला, ट्रक सांगितले. माझं मत क्राउजेला आहे, तुम्ही तुमचं बघा, म्हटलं. आणि गप्प बसले, की आता रडारड होणार, फ्रोसिना आम्हाला सोडून गेली म्हणून.

लेआंद्रो, ते हसायला लागले. माकारियो म्हातारा, ज्याला मी पंचवीस वर्षं हात धरून पायऱ्या चढवतेय, तो म्हणाला, "फ्रोसिना, तू सांगतेस, आम्ही हो म्हणतो. आत गेल्यावर पडदा असतो. गाडी तुझी, टाको तुझा, मत ज्याचं त्याचं." बाकीचे माना हलवतायत. सगळे. तीस वर्षं. शेरीफला वाटायचं माझ्या खिशात तीस मतं आहेत. मलाही वाटायचं. नाताळचे तमालेस किती केले असतील मी.

मी गाडी चालू केली. काय करणार.

तेंचाबाई मात्र शेवटपर्यंत बोलली नाही, आणि केंद्रापाशी उतरताना म्हणाली, तुझा नकाशा खरा असेल, मी तरी पोन्सियानोलाच देणार. चाळीस वर्षं ज्यांचा कापूस वेचला त्यांनी मला कधी घरातला संडास वापरू दिला नाही. आपला चोर असला तरी मंडळाच्या खुर्चीत एकदा आपला बसलेला बघायचाय. मी तिचा हात धरून उतरवलं आणि रांगेत उभं केलं. तू लिहिलं होतंस तेच ती बोलली, फक्त तिच्या तोंडून मला ते नीट ऐकू आलं.

पोन्सियानो बाहेर टाको घेऊन उभा होता. चौदा जणांनी खाल्ले. कुणी दोनदोन.

१० मेला मतमोजणी. त्याच दिवशी आपल्याकडचा आईचा दिवस. दर वर्षी चेलोकडं जेवण असतं, मी केक नेते. या वर्षी नेऊ की नको यात सकाळ गेली, मग नेला. माणसांनी घर भरलं होतं. पोन्सियानो ओट्यावर फोन कानाला लावून. संध्याकाळी सातला मतदान संपलं आणि लगेच आकडे यायला लागले, छोटीशी निवडणूक. क्राउजे अकरा मतांनी आला.

पोन्सियानो आत आला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, बाहेरच्यांनी नाही, आपल्यांनीच आपल्याला पाडलं, आणि ते इथंच बसून माझ्या आईचा केक कापतायत. माझ्या हातात सुरी होती, खरंच केकच कापत होते. तो म्हणाला, धर्मआई, तुम्ही माझ्या आईच्या घरातून निघा.

लेआंद्रो, एक वाक्य होतं माझ्याकडं. बोलले असते तर तो जागच्या जागी खाली बसला असता. जिभेवर आलं होतं. पण मी सुरी ठेवली, हात पुसले आणि पिशवी घेतली. म्हटलं, माझं मत क्राउजेला होतं, म्हाताऱ्यांनाही मी नकाशा सांगितला, ते सगळं माझ्या नावावर घे. बाकी कुणाकडं बघू नकोस.

दारापर्यंत गेले तेव्हा मागून चेलोचा आवाज आला. ती खुर्चीतून उठली होती. म्हणाली, "पोन्सियानो, माझे बूट दे."

तो म्हणाला, आई, कुठं चाललीस. ती म्हणाली, फ्रोसिनाकडं. त्यानं विचारलं, का. तिनं पाय पुढं केले. सुनेनं बूट आणून घातले. ती माझा दंड धरून पायऱ्या उतरली, पलीकडच्या घरापर्यंत आलो, तोवर मागं एक भांडं वाजलं नाही. वाटेत ती बोलली नाही, मीही नाही. मला तर कायद्यानं बंदी. तिला नव्हती, पण तीही नाही बोलली.

सहा दिवस झाले, इथंच आहे. मीठ जास्त घालते म्हणून मला रोज बोल लावते.

काल पोन्सियानो आला. आत ये म्हटलं तरी दारातच उभा. आईनं गोळ्या घेतल्या का विचारलं. घेतल्या, म्हटलं. ती मागच्या अंगणात कोंबड्यांपाशी होती. मग त्यानं खाली बघत विचारलं, धर्मआई, खरं सांगा, आईनं कुणाला दिलं. मी म्हटलं, मी सही केलीय, पोन्सियानो. वय झाल्यासारखा दिसला, सेहेचाळीसचा मुलगा. मग आत येऊन बसला. मी घेवडा आणि तोर्तिया समोर ठेवल्या. दोन ताटं खाल्ली. जाताना मागच्या अंगणात गेला. तिथं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. चांगला कान त्या बाजूला मी केलाच नाही.

सप्टेंबरात ये. चर होईल की नाही मला ठाऊक नाही. क्राउजे निवडून आल्यापासून दिसलेला नाही. येत्या सोमवारी सकाळी मी, चेलो आणि माकारियो त्याच्या दारात जाऊन बसणार आहोत. तेंचाबाईला विचारलं, तर म्हणाली, मी त्याला मत दिलेलं नाही, म्हणून मी पुढं बसते. व्हॅन सातला निघेल. टाको नाहीत, ज्यानं त्यानं आपापलं खाऊन यायचं.

तुझी माया अशीच राहो, आणि शहाणपणा तुझ्याकडंच राहो.

फ्रोसिना